शिर आणि चेहरा : मलिक अंबरची दोन चित्रे

अबुल हसन याने १६१६च्या सुमारास रंगविलेले एक मोगल लघुचित्र डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. पृथ्वीगोलावर उभा असलेला जहांगीर भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे, असा त्याचा विषय. ही घटना कधीच घडली नाही. १६००मध्ये अहमदनगरचा किल्ला पडल्यावरही निजामशाही जिवंत ठेवणाऱ्या या हबशी सेनानीचा १६१६मध्ये रोशनगावला पराभव झाला, त्याची खिडकी जाळली गेली; पण तो हाती लागला नाही. १६२४मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील भातवडी येथे त्याने मोगल व आदिलशाही फौजांचा एकत्रित पराभव केला आणि १६२६मध्ये वृद्धापकाळी तो मरण पावला.

बादशहाची इच्छापूर्ती, एवढ्यावर या चित्राचा अन्वयार्थ संपत नाही. शिरावर घुबड बसले आहे. घुबड रात्रीचे; त्याच्या सान्निध्याने अंबरचा काळा वर्ण रात्रीचे चिन्ह बनतो. आत्मचरित्रातही जहांगीर त्याला वर्णावरूनच हिणवतो. गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या मनुष्याने साम्राज्याची वाट अडवावी, या राजकीय वास्तवाचे रूपांतर येथे प्रकाश आणि अंधार यांच्या सनातन द्वंद्वात होते. द्वंद्व सनातन ठरले की निकालही आधीच लागलेला असतो. रणांगणाची गरजच उरत नाही.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील हाशिमचे व्यक्तिचित्र याच दरबारी परंपरेतले, १६२०च्या आसपासचे. हाशिम मूळचा दख्खनी वळणाचा चित्रकार. एका बाजूने दिसणारा चेहरा, शुभ्र वस्त्र, तलवार. घुबड नाही, भाला नाही. वर्ण तोच, पण येथे तो वर्णन आहे, रूपक नव्हे. अर्थात हे चित्र ‘खरे’ आणि पहिले ‘खोटे’ असा सोपा निवाडा करता येणार नाही. एकटी उभी आकृती हा मोगल अमीर-उमरावांच्या चित्रांचा ठरीव साचा. शत्रूला त्यात बसविणे म्हणजे आपल्या मोजमापाने त्याला मोठेपण देणे. तरीही साचा पवित्रा ठरवतो, मुद्रा ठरवत नाही, आणि हाशिमने मुद्रेकडे पाहिले आहे.

मराठी इतिहासलेखनाने अंबरची जमीनमहसूल व्यवस्था आणि त्याचा गनिमी कावा आपलासा केला. त्याच्या चेहऱ्याकडे मात्र क्वचितच पाहिले. अंबरच्या मृत्यूनंतर दरबारी इतिहासकार मुतमद खान याने त्याच्या युद्धकौशल्याची व कारभाराची मनमोकळी प्रशंसा केली. पण तेव्हा शत्रू उरला नव्हता.