एका रात्रीचे दोन आकडे

१ मार्च १९०१ च्या रात्री वऱ्हाडात शिरगणती झाली. तिचे आकडे जनगणनेच्या आठव्या खंडात आहेत. त्यानुसार वणी जिल्ह्याची लोकसंख्या होती ४,६६,९२९. काही वर्षांनी निघालेल्या इम्पीरियल गझेटियरमध्ये मात्र यवतमाळ जिल्ह्याच्या नावापुढे, त्याच १९०१ सालचा म्हणून, ५,७५,९५७ हा आकडा येतो. वणी जिल्ह्याचंच पुढे यवतमाळ झालं हे खरं. पण नुसतं नाव बदलल्याने लाखावर माणसं वाढत नाहीत.

अडाण नदीकाठच्या बोरी अरबचे रहिवासी या दोन्ही बेरजांत मोजलेले आहेत. त्यांचा दारव्हा तालुका आधी वणी जिल्ह्यात होता, नंतर यवतमाळमध्ये. तेव्हा वाढलेली माणसं दुसरीकडून आलेली असणार.

क्षेत्रफळ पाहिलं की धागा हाती लागतो. वणी ३,९१० चौरस मैल, यवतमाळ ५,१८३. फरक १,२७३ चौरस मैल आणि १,०९,०२८ माणसं. ऑगस्ट १९०५ मध्ये वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, वाशीम जिल्हा मोडला आणि त्यातला पुसद तालुका इकडे जोडला गेला. नव्या जिल्ह्याला यवतमाळ हे नाव तेव्हाच मिळालं. म्हणजे गणती एकच, चौकट दुसरी. इथे तर्काला फारसं कामच उरत नाही.

तरी एक सापळा राहतो. जुन्या वणी जिल्ह्यात चौरस मैलाला सुमारे ११९ माणसं होती. जोडलेल्या भागात जेमतेम ८६. त्यामुळे विस्तारलेल्या जिल्ह्याची सरासरी १११ वर उतरते. ११९ नंतर १११ वाचून कुणी ‘वस्ती विरळ झाली’ असं लिहिलं, तर ते साफ चूक ठरेल. एकही माणूस हललेला नाही.

मागे जाणं त्यामानाने सोपं. १८८१ च्या गणतीत वणी जिल्ह्यात ३,९२,१०२ लोक होते आणि क्षेत्रफळ जवळजवळ तेवढंच. वीस वर्षांत १९ टक्के वाढ, तीही मधल्या १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांना पोटात घालून. १८९१ ते १९०१ या दशकात सबंध वऱ्हाड २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ वर आला, म्हणजे पाच टक्के घट. वणीची घट मात्र एक टक्क्याच्या आसपास. पडीक जमीन आणि कापूस यांच्या ओढीने बाहेरून माणसं आली असावीत, असं मला वाटतं. वणीची घट कमी होती हे पक्कं. त्याचं कारण हा माझा कयास.

पुढे २०११ ला येऊ. जिल्ह्याची लोकसंख्या २७,७२,३४८, क्षेत्रफळ १३,५८२ चौरस किलोमीटर. जुने ५,१८३ चौरस मैल म्हणजे सुमारे १३,४२४ चौरस किलोमीटर. उरलेले दीडएकशे सुधारलेल्या मोजणीचे की सरहद्दीवरच्या गावांचे, हे या दोन संख्यांवरून ठरत नाही. पण एवढ्या फरकाने तुलना बिघडत नाही: ११० वर्षांत लोकसंख्या ४.८ पट, आणि चौरस किलोमीटरला ४३ च्या जागी २०४ माणसं.

आता खुद्द बोरी अरब गाव. प्रांताच्या मुख्य कोष्टकांत ते तालुक्याच्या बेरजेत बुडालेलं असतं. १९५१ पासून निघालेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांत गावनिहाय ओळी मिळतात. तिथेही घाई नको, कारण विदर्भात ‘बोरी’ नावाची गावं पुष्कळ. तालुका, शेजारची गावं आणि क्षेत्रफळ, तिन्ही जुळली तरच ती ओळ बोरी अरबची धरायची.