ज्या शब्दावर बंदी होती : टोर्नेडोच्या पहिल्या अंदाजाची गोष्ट

आजच्या भागात एका शब्दाची गोष्ट. शब्द आहे टोर्नेडो. समुद्रावरून येणारं चक्रीवादळ शेकडो किलोमीटर पसरलेलं असतं. हा त्यातला प्रकार नाही. टोर्नेडो म्हणजे गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीवर उतरणारा वाऱ्याचा भोवरा. बहुतेक वेळा काही मिनिटांचाच खेळ, पण वाटेत सापडलेलं घर उभं राहत नाही.

अमेरिकेत १८८४ साली जॉन फिनली नावाच्या लष्करी सार्जंटने याचा अंदाज द्यायला सुरुवात केली. म्हणाला, माझे ९६.६ टक्के अंदाज बरोबर आले! भारीच ना? पण थांबा. गिल्बर्ट नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने आकडे उलगडून पाहिले. एकूण अंदाज २८०३. त्यात ‘टोर्नेडो येणार’ असं सांगितलं १०० वेळा, आणि तो खरंच आला २८ वेळा. बाकी सगळे गुण ‘येणार नाही’ म्हटल्याचे! रोज डोळे मिटून ‘येणार नाही’ म्हटलं असतं, तर ९८.२ टक्के मिळाले असते.

म्हणजे फिनली फेकत होता का? नाही. न येणाऱ्या गोष्टीबद्दल ‘येणार नाही’ म्हणणं सोपं असतं, एवढाच मुद्दा. पण वरिष्ठांना वेगळीच काळजी होती. टोर्नेडोचं नाव घेतलं की लोक घाबरून सैरावैरा पळतील, वादळापेक्षा त्यातच जास्त नुकसान होईल! म्हणून १८८० च्या दशकातच हा शब्द अंदाजातून बाद झाला. १९३८ मध्ये बंदी सैल झाली, तरी तो उच्चारायला कुणी धजत नव्हतं.

या गप्प बसण्याची किंमत काय? १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून एक टोर्नेडो साडेतीन तास धावला. ६९५ माणसं गेली. आधी कुणी सावध केलंच नव्हतं.

आता या १९४८ मध्ये. ठिकाण ओक्लाहोमामधला टिंकर हवाई तळ. २० मार्चच्या रात्री तिथे टोर्नेडो घुसला आणि उघड्यावरची विमानं खेळण्यांसारखी भिरकावली गेली. नुकसान सुमारे एक कोटी डॉलर. चौकशी समितीचा निष्कर्ष : याचा अंदाज देणं शक्यच नव्हतं.

तळाचे प्रमुख जनरल बोरम यांचं मात्र तेवढ्यावर समाधान झालं नाही. हवामान अधिकारी मेजर फॉबुश आणि कॅप्टन मिलर यांना त्यांनी कामाला लावलं. दोघं जुने नकाशे उपसत बसले. हळूहळू एक जुळणी दिसू लागली : खाली मेक्सिकोच्या आखातावरून आलेली उबदार, दमट हवा, तिच्यावर कोरडी हवा, आणि उंचावर जोराचा वारा.

पाचच दिवसांनी, २५ मार्चला सकाळी, नकाशावर तीच जुळणी! बोरम यांनी विचारलं, टोर्नेडोचा अंदाज देताय का? दोघंही कचरले. पाच दिवसांत पुन्हा त्याच जागी टोर्नेडो? शक्यता नगण्य. चुकलो तर हसं होणार. तरीही दुपारी तीनच्या सुमारास त्यांनी इशारा दिला. विमानं हँगरमध्ये गेली, माणसं सुरक्षित जागी हलली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास टोर्नेडो खरंच तळावर आला! नुकसान झालंच, साठ लाख डॉलरच्या आसपास. पण आधीपेक्षा कमी, आणि कुणाचा जीव गेला नाही.

यात नशिबाचा वाटा होताच. ढग कुठे फुटणार हे नकाशावरून ओळखता येतं. भोवरा नेमक्या कुठल्या आवारात उतरणार, हे काही तासांआधी आजही सांगता येत नाही. पण ‘शक्यच नाही’ हा शिक्का मात्र पुसला गेला. १९५० मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्याने आपल्या लोकांना तो शब्द वापरायची मोकळीक दिली आणि मार्च १९५२ पासून जनतेसाठी अंदाज सुरू केले. लोक सैरावैरा पळाले नाहीत. ते तळघरात गेले.

आपल्याकडे टोर्नेडो क्वचित, पण गडगडाटी ढगांतली वीज देशात दरवर्षी दोन हजारांवर बळी घेते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असली की मोबाइलवर सांगतं. दहादा इशारा येईल आणि आपल्या डोक्यावर काहीच पडणार नाही. फिनलीचे १०० मधले ७२ असेच गेले होते. उरलेल्या २८ साठी मात्र शेतातून, झाडाखालून उठून पक्क्या घरात जायचं. भेटू पुढच्या भागात!