डोंगरावरची धूळ आणि नदीचं पाणी : कोलोरॅडोची दीडशे वर्षं



२३ जानेवारी २०२२ चा रविवार आठवतोय का? पाकिस्तानच्या बाजूनं उठलेली धूळ अरबी समुद्रावरून थेट मुंबई-पुण्यापर्यंत आली होती. गाड्यांवर पांढरी भुकटी, ऊन मळकट, समोरचे डोंगर दिसेनात. दोन दिवसांत निवळलं आणि आपण विसरूनही गेलो. पण वाळवंटाची धूळ दर वसंतात डोंगरावर येऊन बसत असेल तर काय होतं, याचा एक नीट अभ्यासलेला इतिहास अमेरिकेत आहे. वाचला, आपल्या कामाचा वाटला, म्हणून इथं मांडतोय.

कोलोरॅडो राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात सान हुआन नावाची डोंगररांग आहे. हिवाळाभर तिथं बर्फ साठतो. मार्च ते मे या काळात नैऋत्येकडून जोराचा वारा सुटतो. युटा, ॲरिझोना, न्यू मेक्सिको इकडचा कोरडा मुलूख सोबत घेऊनच तो येतो. शिखरं धुरकट होतात आणि पांढऱ्या बर्फावर तांबूस-तपकिरी थर बसतो.

आता मल्चिंग पेपर आठवा. चंदेरी बाजू वर असली तर ऊन परत फेकलं जातं, काळी बाजू वर असली की खाली तापतं. बर्फाचंही तसंच. ताजा बर्फ डोळ्याला दिसणारा ९० टक्क्यांच्या वर प्रकाश परत पाठवतो. धूळ बसली की तोच बर्फ ऊन शोषतो आणि कित्येक आठवडे आधी वितळतो.

ही धूळ तिथं पहिल्यापासून इतकीच होती का? उत्तर सापडलं डोंगरावरच्या तळ्यांच्या गाळात. पाझर तलावाचा गाळ काढताना आपल्याला थरावर थर दिसतात, तसेच तिथं हजारो वर्षांचे थर होते. जेसन नेफ आणि सहकाऱ्यांनी त्यांचं वय काढलं आणि २००८ मध्ये निष्कर्ष छापले. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या लोकांची वस्ती पश्चिमेला सरकल्यावर धुळीचं प्रमाण आधीच्या हजारो वर्षांच्या सरासरीपेक्षा ५०० टक्क्यांनी वाढलं होतं. पाऊसमान बदललं म्हणून नव्हे. अभ्यासकांच्या मते मुख्य कारण होतं जनावरांची चराई.

रेल्वे १८८१ मध्ये डुरँगोला आणि १८८२ मध्ये सिल्व्हर्टनला पोचली. माल लांबच्या बाजारात जाऊ लागला, तशी गुरं-मेंढ्यांची संख्या बेसुमार वाढली. कुरण सरकारी, म्हणजे कुणाचंच नाही. जो आधी जाईल त्याचा चारा. आपल्या गायरानाची गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही.

त्या वाळवंटात मातीच्या वर एक जिवंत पापुद्रा असतो. निळे-हिरवे जिवाणू, दगडफूल, शेवाळ यांनी विणलेला. हे जिवाणू चिकट धाग्यांनी मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून वारा कितीही सुटला तरी माती उडत नाही. पण खूर पडला की पापुद्रा मोडतो, आणि तो पुन्हा धरायला कित्येक दशकं लागतात. म्हणजे वाळवंट आहे म्हणून धूळ उडते असं नाही. पापुद्रा मोडला म्हणून उडते.

१९३४ च्या मे महिन्यात मधल्या मैदानांतली धूळ उडून पार वॉशिंग्टन-न्यूयॉर्कपर्यंत गेली. हा मुलूख वेगळा, तिथं दोष नांगरटीचा आणि दुष्काळाचा. पण डोळे उघडले. त्याच वर्षी जूनमध्ये टेलर चराई कायदा झाला. सरकारी कुरणावर परवाना आला, जनावरांच्या संख्येला मर्यादा आली. गाळाच्या थरात त्यानंतर धूळ कमी झालेली दिसते. तरी जुन्या पातळीवर ती आजपर्यंत आलेली नाही.

कृषीतज्ज्ञ मित्रांसाठी एक नोंद : धूळ नुसतीच काळोखी आणत नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश, नत्र, स्फुरद हे सगळं तिच्याबरोबर पाचपटीहून जास्त वर पोचलं. उंचावरच्या तळ्यांच्या पाण्याचा कस त्यानं बदलतो. आणि वर पडलेलं हे खत कुठल्या तरी रानातून गेलेलं असतं.

खरा फटका पाण्याचा. २०१० मध्ये थॉमस पेंटर आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला. धुळीमुळे कोलोरॅडो नदीचा पूर सुमारे तीन आठवडे आधी येतो आणि वर्षाचं पाणी सुमारे ५ टक्क्यांनी घटतं. बर्फ लवकर गेला की जमीन आणि झाडझाडोरा लवकर उघडा पडतो, बाष्पीभवनाचे दिवस वाढतात. ही घट १०० कोटी घनमीटरहून जास्त, म्हणजे ३५ टीएमसीच्या वर. जायकवाडीच्या उपयुक्त साठ्याच्या जवळपास निम्मं पाणी! या नदीवर सुमारे ४ कोटी माणसं आणि लाखो एकर शेती अवलंबून आहे.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते याच्या पुढच्या गोष्टीनं. लीज फेरी इथं नदीचं पाणी मोजायला १९२१ मध्ये सुरुवात झाली. १९२२ मध्ये सात राज्यांनी पाणीवाटपाचा करार केला. तोवर धूळ वाढून पन्नासेक वर्षं होत आली होती. म्हणजे स्वच्छ बर्फाची नदी कुणी मोजलेलीच नाही. जे मोजलं तेच मूळचं धरून सगळे बसले.

आपल्याकडे बर्फ नाही, पण उघडी जमीन आहे. उन्हाळ्यात रोटाव्हेटरनं पिठासारखी केलेली माती, पाचट जाळलेली रानं, खुरांनी तुडवलेलं गायरान. हिवरे बाजारनं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळली, त्याचा फायदा आपण पाण्यात आणि चाऱ्यात मोजतो. वाऱ्यावर न गेलेली मातीही त्यात धरायला हवी.

चैत्र-वैशाखाच्या वावटळीत तुमच्या शिवारात धूळ नेमकी कुठून उठते, एवढं यंदा बघून ठेवा. नांगरलेल्या रानातून, बांधावरून, का गायरानातून? कमेंटमध्ये गाव, जमिनीचा प्रकार आणि शेवटची मशागत कधी केली ते लिहा. दहा-वीस गावांच्या नोंदी जमल्या तर पुढच्या वेळी त्यावरच लिहीन.