क्वेकच्या आकाशातले पट्टे

डिसेंबर १९९९ मध्ये ‘क्वेक ३ अरेना’ हा गेम आला. एनव्हिडियाच्या पहिल्या जीफोर्स कार्डावर टेक्स्चर कॉम्प्रेशन चालू केलं, की आकाश बिघडायचं. मऊ छटांच्या जागी ठोकळे आणि पट्टे. भिंती मात्र ठीक दिसायच्या. तुम्ही दोष कुणाला दिला असता? मी तरी कॉम्प्रेशनलाच दिला असता.

त्या कॉम्प्रेशनचं मूळ जुनं आहे. १९७९ साली डेल्प आणि मिचेल यांनी करड्या चित्रांसाठी ब्लॉक ट्रंकेशन कोडिंग मांडलं: चित्राचे छोटे चौकोन पाडा, प्रत्येकात दोनच छटा ठेवा. १९९८ मध्ये एस३ कंपनीने सॅव्हेज३डी चिपमध्ये याच घराण्यातली रंगीत पद्धत आणली. मायक्रोसॉफ्टने ती डायरेक्टएक्स ६ मध्ये घेतली. तिचा सर्वांत साधा प्रकार म्हणजे डीएक्सटी१.

यात ४×४ पिक्सेलच्या चौकोनाला ६४ बिट मिळतात. ३२ बिटांत दोन टोकाचे रंग, उरलेल्या ३२ मध्ये प्रत्येक पिक्सेलसाठी २ बिटांची खूण. मधले दोन रंग साठवत नाहीत, चिप ते जागेवर काढते. इथेच गंमत आहे. समजा टोकांचा लाल आकडा १० आणि ११ आहे (५ बिटांत, म्हणजे ० ते ३१). मधले रंग १०.३३ आणि १०.६७ यायला हवेत. पण त्या जीफोर्सवर डीएक्सटी१ चे मधले रंगही १६ बिटांतच कोंबले जायचे. मग १० किंवा ११, तिसरं काही नाही! चार छटांच्या दोन झाल्या. आकाशात शेजारचे रंग जवळजवळ सारखेच, म्हणून फटका तिथे बसला. विटांच्या खडबडीत भिंतीत तो लपून गेला.

हे कळलं कसं? लोकांनी टेक्स्चर डीएक्सटी३ मध्ये भरायला लावली आणि त्याच कार्डावर आकाश सुधारलं. डीएक्सटी३ मध्ये पारदर्शकतेसाठी आणखी ६४ बिट असतात, म्हणून जागा दुप्पट लागते. पण रंगाची मांडणी तीच! फक्त चिप तिथे मधले रंग जास्त अचूक काढायची. म्हणजे पट्ट्यांचा मोठा वाटा साठवणुकीचा नव्हताच, उलगडणाऱ्याचा होता.

माझ्या सिम्युलेशनमध्ये असाच गोल घोळ झाला होता. दोन आठवडे डेटाला शिव्या घातल्या, चूक वाचणाऱ्या कोडमध्ये होती. (गाइडना अजून सांगितलेलं नाही.)

करून बघायचं असेल तर पायथनमध्ये निळ्या छटांची एक पट्टी घ्या, डीएक्सटी१ मध्ये दाबा, आणि दोनदा उलगडा: एकदा मधले रंग ८ बिटांत, एकदा ५-६-५ मध्ये. दोन्ही चित्रं शेजारी ठेवा.