अंतरपाटाच्या दोन बाजू

तुळशीचे लग्न लागले की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात लगीनघाई सुरू होते, आणि वधुपित्यांची एकच तक्रार ऐकू येते : “हा शूटिंगवाला एवढे पैसे कसले घेतो?” संगमनेरला मुलीच्या लग्नात मीही तेच विचारले होते.

पूर्वीचा हिशेब सरळ होता. १८९९ साली सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईत कुस्ती चित्रित केली. त्या काळापासून फिल्म फुटांवर मोजली जाई. १६ मिलिमीटरची १०० फूट फिल्म पावणेतीन मिनिटांत संपे. मंगलाष्टकेही तीत मावत नसत! १९७६ साली जपानात व्हीएचएस निघाली आणि एका कॅसेटीत तास मावू लागले. आता तर फीतच उरली नाही. मग पैसे कसले? माणसांचे. मुहूर्त मोजके, त्यामुळे एकाच तिथीला दहा घरची बोलावणी. शिवाय प्रवास, जादा कॅमेरे आणि मागाहून कित्येक दिवसांचे संकलन.

मी घासाघीस करून दुसरा कॅमेरा वगळला. अंतरपाट दूर झाला तेव्हा एकुलता कॅमेरा वराच्या चेहऱ्यावर होता. लेकीचा चेहरा आणि तिच्या पाठीशी उभी असलेली माझी आई, दोघीही राहून गेल्या. पुढच्या तुळशीच्या लग्नाआधीच आई गेली.

वाचकहो, बिदागी ठरवताना एवढे ध्यानात ठेवा : अंतरपाटाला बाजू दोन असतात.