ब्लास्केट बेटाचे ग्रंथ

आयर्लंडच्या केरी परगण्यात डनक्वीन येथे १९९३ साली उघडलेले संग्रहालय समोरच्या ग्रेट ब्लास्केट बेटावरील लुप्त आयरिशभाषी वस्तीचे होय. १९१६ च्या सुमारास पावणेदोनशेंच्या घरात असलेली लोकसंख्या अमेरिकेकडे ओसरत गेली. १९५३ मध्ये सरकारने उरलेल्यांस मुख्यभूमीवर हलविण्यास प्रारंभ केला. बेटाचा आवाज ग्रंथांत उरला. परंतु ती निव्वळ लोकवाणी मानणे भाबडेपणाचे ठरेल. तोमास ओ क्रोहन या कोळ्यास ब्रायन ओ केली यांनी गॉर्की व लोती वाचून दाखविले (लोतीचे कोळी त्यांस परके वाटले नसावेत) आणि लिहिते केले. त्यातूनच १९२९ चे आत्मचरित्र सिद्ध झाले. पेग सेयर्स यांनी तर १९३६ चा ग्रंथ पुत्राकरवी लिहवून घेतला. कारण शाळेत शिक्षण इंग्रजीचे मिळाल्याने त्यांना मातृभाषा लिहिता येत नव्हती.