सांधा, रेषा आणि सूत्र : सातारा–सांगली परिसर व मराठी सचेतनपटाची पूर्वपीठिका

पडद्यावर हालणाऱ्या रेखाचित्रांना मराठीत ‘व्यंगपट’ किंवा सरळ ‘कार्टून’ म्हणण्याची रीत आहे. ‘व्यंग’ या पदाने चित्राच्या आशयातील विनोदाकडे लक्ष वेधले जाते. चित्राला जी गती दिलेली असते तिचा बोध त्यातून होत नाही. ‘सचेतनपट’ हा शब्द ही उणीव काही अंशी भरून काढतो. परंतु कृतीला संज्ञा मिळाली तरी कर्त्याला ती मिळालेली नाही. चित्र काढणारा तो चित्रकार, नाटक सादर करणारा तो नट. पण चित्राला चालावयास लावणारा कोण, या प्रश्नाला ‘ॲनिमेटर’ या उसन्या शब्दावाचून मराठीत सुटसुटीत उत्तर नाही. ही अडचण केवळ परिभाषेची नव्हे. ज्या कर्तृत्वाला भाषेत जागा नाही, त्याचे रसग्रहण होणे कठीण जाते.

हे कर्तृत्व कोणत्या प्रतीचे आहे, हे आधी पाहिले पाहिजे. बोलपटात दर सेकंदाला २४ चौकटी पडद्यावरून सरकतात. म्हणजे दहा मिनिटांच्या पटात १४,४०० चौकटी होतात. एकेक चित्र दोन चौकटींपुरते वापरले तरी ७,२०० अवस्था रेखाटाव्या लागतात. परंतु सचेतनपटाचा गुण या संख्येत नाही; तो दोन चित्रांमधील अंतरात आहे. पात्र पाऊल टाकताना देहाचा भार कोणत्या क्षणी एका पायावरून दुसऱ्यावर जातो, उडी मारण्यापूर्वी ते किती दबते, थांबल्यावर त्याचे वस्त्र किती वेळ हालत राहते, हे ज्याला कळते त्याचीच रेषा जिवंत होते. सांध्याची जाण, प्रसंगांची क्रमवार मांडणी आणि रेषेचा नेमकेपणा अशा तीन कौशल्यांचा येथे संगम होतो. ही तिन्ही कौशल्ये सातारा–सांगली परिसरात वेगवेगळ्या ठिकाणी जोपासली गेल्याचे दिसते.

या दोन जिल्ह्यांचा एकत्र विचार करण्यास ऐतिहासिक आधार आहे. इ. स. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगलीसह आसपासच्या विलीन संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा बनला, आणि १९६० मध्ये त्यास ‘सांगली’ हे नाव देण्यात आले.

सांध्याचे कौशल्य सांगलीत विष्णुदास भावे यांच्या हातून प्रकट झाले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने सांगलीत ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग झाला, हे सर्वश्रुत आहे. त्यामानाने भाव्यांनी घडविलेल्या लाकडी कळसूत्री बाहुल्यांकडे अभ्यासकांचे लक्ष कमी गेले. पुढे रामदास पाध्ये यांनी या बाहुल्यांची दुरुस्ती करून त्यांना पुन्हा रंगमंचावर आणले. कळसूत्री बाहुली घडविणाऱ्याला मूर्तिकारापेक्षा वेगळा विचार करावा लागतो. मूर्ती एकाच अवस्थेत पूर्ण होते. बाहुली मात्र तिच्या संभाव्य हालचालींसह कल्पावी लागते. खांदा कोठे तोडावा, दोरी कोठे बांधावी, कोणता अवयव सैल ठेवावा, याचा निर्णय ती घडवितानाच करावा लागतो. जर्मन कलावती लोटे रायनिगर यांनी १९२६ मध्ये ‘राजपुत्र अहमदची साहसे’ हा दीर्घ सचेतनपट तयार केला, तोही काळ्या कागदाच्या कातरलेल्या, सांध्यांशी तारेने जोडलेल्या आकृत्यांतूनच. भाव्यांची बाहुली आणि रायनिगर यांची छायाकृती यांत परंपरेचा संबंध नाही. कारागिरीचा प्रश्न मात्र एकच आहे.

प्रसंगांच्या क्रमवार मांडणीचे उदाहरण आज सातारा जिल्ह्यात असलेल्या औंधचे आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ मध्ये प्रसिद्ध झाले. १९३८ मध्ये त्यांनी औंध येथे श्रीभवानी संग्रहालय उभारले. चित्रमालिकेतून कथा सांगणाऱ्याला कथेतील कोणता क्षण रेखाटावा आणि कोणता प्रेक्षकाच्या कल्पनेवर सोपवावा, याची निवड करावी लागते. सचेतनपटाच्या पूर्वतयारीत प्रमुख प्रसंगांची जी चित्रे ओळीने मांडतात, त्यांमागेही हीच निवड असते.

रेषेचे उदाहरण औंध संस्थानच्याच आश्रयाने, पण आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या किर्लोस्करवाडीस सापडते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये तेथे कारखाना वसविला, आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागली. तिचे संपादक शंकरराव किर्लोस्कर, म्हणजेच ‘शंवाकि’, स्वतः व्यंगचित्रे काढीत. ‘टाकांच्या फेकी’ या नावाने ती वाचकांस परिचित झाली. या शीर्षकातच रेषेविषयीची दृष्टी आहे. टाक फेकल्यासारखा झटकन चालला पाहिजे आणि थोडक्या रेषांत माणूस उभा राहिला पाहिजे. सचेतनपटालाही अशीच मितव्ययी रेषा लागते; कारण जी आकृती हजारो वेळा काढावयाची, तिच्यात एकही अनावश्यक रेघ परवडत नाही.

ही कौशल्ये या परिसरात एकत्र आली नाहीत. त्यांचा मेळ अन्यत्र, आणि स्वतंत्रपणे, जमत गेला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे पुत्र यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे दीपयंत्राच्या साहाय्याने पडद्यावर हालती करून दाखविली. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये ‘अंकुराची वाढ’ या लघुपटात रोपट्याचे ठराविक अंतराने चित्रण केले, आणि १९१५ च्या सुमारास ‘आगकाड्यांची मौज’ मध्ये निर्जीव काड्यांना गती दिली. आगकाड्यांचा असाच उपयोग फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये केला होता. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये सांगलीच्या शेजारी कोल्हापुरात स्थापन झाली व १९३३ मध्ये पुण्यास गेली. तिने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ हा सचेतनपट काढला. त्यातील चित्रांचे काम रघुनाथ केळकर यांचे.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. प्रभातच्या बोलपटांतील नटांची नावे मराठी घरांत आजही घेतली जातात. केळकरांचे नाव अभ्यासकांच्या टिपणांपलीकडे क्वचितच आढळते. याचे एक कारण असे की, त्या प्रयत्नाला सातत्य लाभले नाही. एका पटासाठी हजारो चित्रे काढणारा कलावंत एकट्याच्या उमेदीवर टिकत नाही. त्याला संस्था लागते. ती सोय १९५६ मध्ये झाली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये सचेतनपटांचा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि डिस्नेच्या चित्रशाळेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथील चित्रकारांना शिकविले. जातककथेवर आधारलेला ‘द बनियन डिअर’ (१९५७) हे त्या शिक्षणाचे पहिले मोठे फळ होय. जी. के. गोखले आणि राम मोहन (१९३१–२०१९) यांच्यासारखे कलावंत या विभागात कार्यरत होते, आणि राम मोहन यांच्या हाताखाली पुढील पिढी तयार झाली.

तथापि संस्था आणि संज्ञा या दोहोंनी प्रश्न संपतो, असे मानणे घाईचे होईल. इंग्रजीत ‘ॲनिमेटर’ हा शब्द असूनही अमेरिकेत १९१९ पासून गाजलेल्या ‘फेलिक्स’ या मांजराचे श्रेय कित्येक दशके चित्रशाळेचे मालक पॅट सलिव्हन यांनाच दिले जात होते; ते चित्र चालविणारे ओटो मेस्मर यांचे नाव फार उशिरा पुढे आले. म्हणजे शब्द असणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. तो शब्द विशिष्ट व्यक्तीच्या नावाशी जोडून पटाच्या श्रेयनामावलीत, ग्रंथसूचीत आणि वर्गातील व्याख्यानात उच्चारला गेला पाहिजे.

मराठीला त्यासाठी फार दूर जावयास नको. ‘कळसूत्री’ या विशेषणात कळ आणि सूत्र, म्हणजे यंत्र आणि दोरी, दोन्ही आहेत. ‘सूत्रधार’ या संज्ञेचे मूळ बाहुल्यांच्या दोऱ्यांत शोधणारे मत रिखार्ट पिशेल यांनी हिरिरीने मांडले. ते सर्वमान्य नसले तरी मराठी मनाला त्या शब्दातील दोरी सहज दिसते. ‘चित्रसूत्रकार’ यासारखी संज्ञा या वळणावर घडविता येईल, आणि ती कितपत रुळते हे वापरानेच ठरेल. भाव्यांच्या बाहुल्या पुन्हा उभ्या राहिल्या, कारण त्यांचा कर्ता ठाऊक होता आणि त्यांचे सांधे दुरुस्त करणारा हात वेळेवर मिळाला. फाळक्यांच्या चित्रपटांचा मात्र फारच थोडा भाग शिल्लक उरला आहे. केळकर, गोखले आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामाची पटवार व नामवार सूची मराठीत सिद्ध करणे, हे या विषयातील पहिले संशोधनकार्य ठरावे.